वाचणारा एक, तपासणारा एक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'सवलतींची खिरापत' या मथळ्याचे एका वाचकाचे पत्र आपण गेल्या पंधरवड्यात छापलेत. दहावीला लेखनिक घेणारी, जादा वेळ मागणारी मुले म्हणजे आईबापांनी प्रमाणपत्र मिळवून लाडावलेली मुले, ज्याला लिहिता येत नाही त्याने परीक्षेला बसूच नये, असा त्याचा सूर होता. मला राग आला नाही. सात वर्षांपूर्वी हे पत्र मीच लिहिले असते, आणि जरा शुद्ध लिहिले असते. (त्यात 'परिक्षा' दोनदा ऱ्हस्व पडली आहे आणि ती आपल्याकडेही सुटली. सवय जात नाही, क्षमा असावी.)

मी मुद्रितशोधक. दादरच्या एका छापखान्यात 34 वर्षे प्रुफे वाचली. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम मला अथर्वशीर्षासारखे पाठ आहेत. राहायला ठाण्यात, चरईत. संध्याकाळी तलावपाळीला फिरायला जातो तेव्हा वाढदिवसाच्या फलकांवरचे 'शुभेच्छूक' मला खड्यासारखे टोचतात. सूनबाई म्हणते, "बाबा, वर नका बघू, खाली बघून चाला." अशा माणसाच्या घरी नातू असा आला की त्याला स्वतःचे नाव लिहिता येईना. नावात रफार आहे. नाव मीच सुचवले होते.

तो रफार कधी आधीच्या अक्षरावर जाई, कधी पुढच्या. कधी दोन्हींवर देऊन मोकळा होई, म्हणजे एक तरी बरोबर यावा. मला वाटले, पोराचे लक्ष नाही. दुसरीत असताना एका संध्याकाळी मी त्याला 'पाणी' शंभरदा लिहायला बसवले. पहिले वीसेक बरोबर होते. मग 'पाणि' सुरू झाले, मग 'पानी', आणि शेवटच्या पानावर चक्क 'पीणा'. मी वही भिरकावली. ती सोफ्याखाली गेली. तो ओणवा होऊन ती काढून घेऊन आला, झटकली आणि विचारले, "आजोबा, अजून किती राहिले?"

आयुष्यभर अक्षरांच्या चुका काढल्या, पण अक्षरे मुळात किती तऱ्हेवाईक आहेत हे मला त्याच्यामुळे कळले. 'कि' म्हणताना तोंडात आधी क येतो, मग इ. कागदावर मात्र वेलांटी आधी येऊन बसते. 'सूर्य' म्हणताना र आधी आणि य नंतर, पण लिहिताना र उडी मारून य च्या डोक्यावर. हाच र 'चक्र'मध्ये पायाशी तिरका, 'ट्रक'मध्ये झोपडीसारखा, 'दऱ्या'मध्ये आडवा. एक अक्षर आणि त्याची इतकी बिऱ्हाडे. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत तर एखाद्या रेघेचाच फरक. त्यात पाठ्यपुस्तकातला ल पाकळीचा आणि आईच्या मोबाईलमधला दांडीचा. शासनाने 2009 मध्ये मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. फोन बनवणाऱ्यांनी तो निर्णय वाचलेला दिसत नाही. आपल्या डोळ्यांना हे दोन ल एकच वाटतात. त्याच्यासाठी ती दोन वेगळी माणसे होती.

आणखी एक कबुली द्यायची आहे. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आणले तेव्हा जी चेष्टा झाली, तीत मीही होतो. 'उद्या साडेतीन मुहूर्तांना तीन साडे मुहूर्त म्हणायचे काय,' अशी कोटी करून याच सदराला पत्र पाठवले होते. आपण ते चौकटीत छापलेत, मी कात्रण ठेवले. त्याच महिन्यात नातू 'त्रेसष्ट' ऐकून 36 लिहीत होता आणि माझा ओरडा खात होता. तोंडाने आधी तीन म्हणायचे आणि हाताने आधी सहा लिहायचा, हे मी सत्तर वर्षे बिनतक्रार केले. तो कानाला जे आले ते त्याच क्रमाने लिहीत होता. ते नवे वाचन बरोबर की चूक हे पंडितांनी ठरवावे. माझे कात्रण मी फाडले.

खरा उलगडा टाळेबंदीत झाला. तिसरीची शाळा मोबाईलवर भरू लागली. बाईंनी प्रश्न विचारला की हा सगळ्यांच्या आधी उत्तर देई. इतिहास, परिसर अभ्यास, सगळे तोंडावर. वहीचा फोटो पाठवा म्हटले की पोट दुखू लागे. सूनबाई शेजारीच घरून काम करत होती, तिच्या लक्षात आले. त्याआधी शाळेत एका जबाबदार व्यक्तीने तिला "आमच्याकडे असली मुले नसतात" असे सुनावले होते. पहिली चाचणी ज्या खासगी ठिकाणी केली तिथे मराठी शाळेतल्या या मुलाला इंग्रजी उतारे वाचायला दिले. अहवालात तो इंग्रजीत फार मागे असल्याचे लिहून आले. तेवढे तर आम्हाला फुकटात माहीत होते. मराठीत तपासायची सोय नाही असे तिथे सांगितले. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा भाषांतून 'डाली' नावाची चाचणी तयार केलेली आहे, हे मला पुढे कळले. मग सरकारी रुग्णालयाच्या फेऱ्या. डोळे तपासले, कान तपासले, बुद्ध्यांक काढला. बुद्ध्यांक चांगलाच निघाला. कागदावर नाव पडले, विशिष्ट अध्ययन अक्षमता. डॉक्टर तोंडाने डिस्लेक्सियाच म्हणत होते.

हा शब्द 1887 मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने काढला. डोळ्यांच्या डॉक्टरने बारसे केले म्हणून की काय, लोक अजून डोळ्यांतच दोष शोधतात. 'त्याला अक्षरे उलटी दिसतात का हो?' असे मला सोसायटीत निदान दहा जणांनी विचारले. उलटी दिसत नाहीत. ऐकलेल्या शब्दातले ध्वनी सुटे करायचे आणि ते अक्षरांना जोडायचे, इथे त्याची गाडी अडते. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने 14 वर्षांच्या एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. हुशार, चुणचुणीत, पण वाचता येत नाही. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत त्यात नोंदवले आहे. बरोबर शंभर वर्षांनी, 1996 मध्ये, आपल्या महाराष्ट्राने या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या, देशात सर्वांत आधी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांतही हा आहे. आमचा नातूही आता 14 चाच आहे, यंदा नववीत.

कोपरखैरण्याला अशा मुलांना शिकवणाऱ्या एक बाई आहेत, शनिवारी आम्ही दोघे त्यांच्याकडे जातो. त्यांनी पहिल्या दिवशी पुस्तक काढलेच नाही. विचारले, "'कमळ'मधला क काढून टाक. काय उरले?" आठ वर्षांचा, पानिपत तोंडपाठ असलेला मुलगा गप्प. बराच वेळ विचार करून म्हणाला, "फूल." बाई हसल्या नाहीत. मी हसणार होतो, ते हसू घशात अडकले. मग वर्षभर आमच्या घरी हाच उद्योग. आजी भाजी निवडताना विचारी, "'गवार'मधला ग काढ." ताटात रवा पसरून त्यावर बोटाने अक्षर काढायचे, काढताना मोठ्याने म्हणायचे. त्या रव्याचा शिरा कधी करायचा नाही, हा आजीचा नियम. तो डबा वेगळा.

माझ्याकडून त्याला एकच गोष्ट गेली. प्रुफे वाचताना मी ओळीखाली जाड पुठ्ठ्याची पट्टी धरत असे, म्हणजे खालच्या ओळी डोळ्यांत घुसत नाहीत. ती निवृत्तीनंतर ट्रंकेत पडून होती, कडेला शाईचे डाग असलेली. एके दिवशी सहज त्याच्या पुस्तकावर ठेवली. त्याने ती सरकवत सरकवत सबंध परिच्छेद वाचला, अडखळत, पण वाचला. बाईंनी तिला खिडकी पाडून दिली, एका वेळी एकच ओळ दिसेल अशी. पट्टीने दुखणे जात नाही, गर्दी कमी होते एवढेच.

कोपरखैरण्याला जाताना आम्ही ठाण्याला नऊ नंबरवर उभे असतो. इंडिकेटरवर गाडीचे नाव मराठीत येते, तो 'ने'पर्यंत पोचतो, तोवर ते हिंदी होते, मग इंग्रजी. नेरूळ की आणखी कुठली, हे पूर्ण वाचून होईपर्यंत गाडी निघून जायची. म्हणून तो वर बघतच नाही. घोषणा ऐकतो आणि मलाच सांगतो. गर्दीत मला ती ऐकू येत नाही. मी वाचून सांगतो, तो ऐकून सांगतो, आमची गाडी अजून चुकलेली नाही.

आता लेखनिकाबद्दल, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. गॅली प्रूफ, म्हणजे पाने पाडण्याआधीचा तपासणीचा छाप, आले की आमच्या छापखान्यात दोन माणसे समोरासमोर बसत. एकाच्या हातात मूळ हस्तलिखित, दुसऱ्याच्या हातात प्रूफ. पहिला मोठ्याने वाची, त्याला कॉपी होल्डर म्हणत. तो विरामचिन्हांसकट वाची: "महाराष्ट्रातील दुष्काळी तालुक्यांत स्वल्पविराम विशेषतः..." दुसरा ऐकत ऐकत प्रुफावर खुणा करी. माझ्यासमोर एकवीस वर्षे बसलेल्या गृहस्थांचा आवाज खणखणीत होता, पण ऱ्हस्वदीर्घाशी त्यांचे जन्माचे वाकडे. माझे शुद्धलेखन पक्के, पण मोठ्याने वाचू लागलो की दहा मिनिटांत घसा बसे. दोघांत मिळून एक काम होई. आमच्या हातून गेलेल्या कुठल्याही पुस्तकावर 'हे सवलतीत तपासले आहे' असा शिक्का पडला नाही. मग उत्तर ज्याचे त्याने सांगितले आणि अक्षर दुसऱ्याने काढले, तर त्याला फसवणूक का म्हणायचे? इतिहासाच्या पेपरात इतिहास तपासायचा आहे ना?

खोटी प्रमाणपत्रे निघतच नसतील असे मी म्हणणार नाही. खोटी रेशनकार्डेही निघतात, म्हणून कोणी धान्य बंद करत नाही. आमच्याकडे तर चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागली. त्यासाठी सूनबाईच्या चार रजा गेल्या. लेखनिक मिळवणे तर निराळेच. तो खालच्या इयत्तेतला हवा, म्हणजे माझ्यासारखा रिकामा म्हातारा चालत नाही, आणि ते योग्यच आहे. सोसायटीतल्या आठवीतल्या एका मुलीचे अक्षर मोत्यासारखे आहे. विचारले तर तिची आई म्हणाली, "काका, तिचीही परीक्षा जवळच असते हो." तिचेही बरोबर. शाळांनीच दिवाळीआधी अशा मुलामुलींची यादी करून ठेवली, त्यांचा दोनचार वेळा सराव घेतला, तर ऐन फेब्रुवारीत आईबापांना दारोदार फिरावे लागणार नाही. जोडी जमायला वेळ लागतो. माझी आणि त्या गृहस्थांची जमायला सहा महिने लागले होते. आधी मी त्यांना फार टोकत असे.

तासाला वीस मिनिटे जादा मिळतात, यावर त्या पत्रात फार आदळआपट आहे. त्यांनी एकदा एखादा परिच्छेद आरशात धरून वाचून पाहावा आणि घड्याळ लावावे. अनुभव तंतोतंत तोच नव्हे, पण दमणूक कळेल.

आणि आपल्याला एक विनंती. हे पत्र छापलेत तर अक्षर बारीक करून कोपऱ्यात कोंबू नका. दोन ओळींत जरा हवा सोडा. घरात ते वाचणारा एकजण आहे.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, चरई, ठाणे
(नाव-पत्ता सोबत आहे, नातवासाठी तो छापू नये.)

ता. क. शुद्धिपत्र: पत्र पाकिटात घालण्यापूर्वी नातवाला मोठ्याने वाचून दाखवले. वर 'नऊ नंबरवर' असे लिहिले आहे तिथे 'दहा नंबरवर' वाचावे. शिवाय 'पानिपत तोंडपाठ' तेव्हा नव्हते, पुढे पाचवीत झाले, असे त्याचे म्हणणे आहे.