रेव्हरंड टिळकांची अर्धीच कविता शाळेत का? : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

'क्षणोक्षणी पडे, उठे परि बळें, उडे बापडी' ही ओळ आपणही कधीतरी पाठ केली असेल. जखमी पक्षिणीची ही कविता वर्गात म्हणताना माझ्या गुरुजींचा गळा दाटायचा. पुढे मी तीस वर्षे मराठी शिकवले, तेव्हा माझाही आवाज तिथे अडायचा. कवितेखाली फळ्यावर नाव लिहायचो : रेव्हरंड नारायण वामन टिळक. एकदा एका मुलाने विचारले, "सर, रेव्हरंड म्हणजे काय?" मी म्हणालो, "ख्रिस्ती धर्मोपदेशक." तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, यांची गाणी आम्ही चर्चमध्ये म्हणतो." सगळा वर्ग तिच्याकडे वळला. म्हण म्हटल्यावर ती उभी राहिली आणि हात मागे बांधून, डोळे मिटून गायली : 'पुष्कळ अजुनि उणा प्रभु मी, पुष्कळ अजुनि उणा रे.'

मी मराठी घेऊन एम.ए. झालेला माणूस. ही ओळ मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आपला उणेपणा देवापुढे इतक्या साध्या शब्दांत ठेवणारा कवी मला फक्त फुलांचा आणि पाखरांचा म्हणून माहीत होता. तेव्हापासून टिळकांच्या भक्तिपर लेखनाचा शोध घेतो आहे, आणि त्याच शोधापायी हे पत्र लिहितो आहे.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचे. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला आणि सांगितले, मनापासून वाचलात तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हे पटले नव्हते. तरी त्यांनी हाती पेन्सिल घेऊन खुणा करत वाचायला सुरुवात केली आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधला काळ सगळा उलघालीचा. आधी स्वतःच एखादा नवा धर्म काढावा असे त्यांच्या मनात होते, आणि पुढे पाऊल उचलले ते घर तुटणार हे दिसत असताना. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्या दिवसांचे जे सांगितले आहे ते वाचताना आजही छातीत धस्स होते. श्रद्धा आणि शंका एकाच माणसाच्या पोटात कशा नांदतात, हे मराठीत इतक्या जवळून फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळते.

१९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्या काळी मराठी चर्चमध्ये गायची गीते बरीचशी इंग्रजीवरून केलेली, चालीही विलायती. टिळकांनी तिथे अभंग आणला, ओवी आणली, भजन आणि कीर्तन आणले. ख्रिस्ताला त्यांनी आई म्हटले, गुरू म्हटले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. मला यात मोठे धाडस दिसते. प्रार्थना ही मायबोलीतच व्हावी लागते आणि मायबोलीला स्वतःचा ताल असतो, हे त्यांनी ओळखले. कवितेची कला आणि देवाची भक्ती यांत त्यांनी भिंत घातली नाही. नगरच्या त्यांच्या घरात बालकवी राहिले, ते याच मोकळेपणामुळे. १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' हा भक्तांचा मेळा उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ ला, ते गेले. 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या जीवनावरचे महाकाव्य अपुरे राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते.

साहेब, हे सगळे मराठीचे धन आहे की एका समाजाचे खासगी सामान? आज त्याची वाटणी झाली आहे. फुले-पाखरे शाळेच्या वाट्याला, अभंग चर्चच्या वाट्याला. आणि गद्य लेखन कोणाच्याच नाही. 'ज्ञानोदय' हे १८४२ मध्ये नगरला सुरू झालेले नियतकालिक. त्याच्या मराठी भागाचे टिळक संपादक होते. त्याचे जुने बांधीव अंक मी एका ग्रंथालयात पाहिले. पान उलटले की कडेचा तुकडा हातात येतो. तिथल्या सेवकाने पोस्टाच्या जुन्या पाकिटात ते तुकडे भरून ठेवले होते आणि पाकिटावर पेन्सिलीने पानांचे आकडे टाकले होते. त्या माणसाला मी मनोमन नमस्कार केला. पण पाकिटावर आपण किती दिवस काढणार?

तुकाराम गाथेची आवृत्ती १९५० मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने काढली. महात्मा फुल्यांचे समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढले. माझे मागणे त्याच वाटेवरचे आहे. टिळकांचे सगळे लेखन, पद्य आणि गद्य, सालवार लावून, पाठभेद आणि टीपांसह राज्याने प्रसिद्ध करावे आणि ते कोणालाही फुकट उतरवून घेता यावे. टिळक जाऊन शंभर वर्षे उलटली, लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या. हक्कांची अडचण उरलेली नाही. त्याआधी, अगदी यंदाच, जिथे जिथे जुने अंक आहेत तिथे माणसे पाठवून पानांची छायाचित्रे काढून घ्या. संपादनाला दहा वर्षे लागली तरी चालतील, कागदाला तेवढा धीर नाही. आणि पाठ्यपुस्तकात टिळकांची कविता घ्याल तेव्हा तिच्याशेजारी त्यांचा एक अभंगही छापा, तुकोबांच्या अभंगासमोरच्या पानावर. मुलांना चाल सांगावी लागणार नाही.

दरवर्षी २७ फेब्रुवारीला व्यासपीठांवरून 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' ही ओवी ऐकू येते. मराठीची ती थोरवी गायली १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'त, गोव्यात राहिलेल्या फादर स्टीफन्स यांनी. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. या दोघांच्या मधोमध टिळक उभे आहेत.

गेल्या काही वर्षांत मी टिळकांचे अभंग आणि लेख हाताने उतरवून घेतले आहेत. दोन वह्या भरल्या, तिसरी चालू आहे. प्रत्येक नोंदीपुढे अंक आणि पान लिहिले आहे. काम सुरू होणार असेल तर कळवा, वह्या घेऊन मी मंत्रालयात येईन.

आपला,
नगर जिल्ह्यातला एक निवृत्त मराठी शिक्षक