मोह वेचून झाल्यावर पोचलो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चअखेर नातीला घेऊन जांबुघोडा अभयारण्यातल्या ‘सहकुटुंब वनफेरी’ला गेले होते. जाहिरातीत ‘प्राचीन जंगल’ असे ठळक छापले होते. बडोद्याहून अंतर सुमारे 70 किलोमीटर. सातची बस पावणेआठला सुटली, वाटेत फाफडा-जलेबीला अर्धा तास गेला आणि जंगलात पाऊल पडले तेव्हा दहा वाजत आले होते.

मोहाची फुले पहाटे गळतात. गावातल्या बायका टोपल्या घेऊन उजाडायच्या सुमाराला वेचायला येतात. आम्हाला दिसली ती झाडाखालची साफ जमीन!

वाटाड्या मात्र हिऱ्यासारखा. तिथलाच राठवा आदिवासी तरुण. ‘प्राचीन’ म्हटल्यावर हसला. म्हणाला, साग तोडला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो, त्याच्या वयाचे काय सांगणार? जुने बघायचे तर मोह बघा. त्याला आम्ही कुऱ्हाड लावत नाही. कोणता मोह कोणाचा, ते आजोबांपासून ठरलेले. पुढे एक उकरलेले वारूळ दाखवले. अस्वल आधी फुंकून माती उडवते, मग वाळवी ओढून घेते. त्यासाठी वरचे पुढचे दोन दात त्याला नसतातच. माझ्या नातीचे नेमके तेच दोन दात पडलेले. तिने तिथेच फुंकून पाहिले.

एवढ्यात आयोजकांचा माइक सुरू झाला. क्षेत्रफळ 130 चौरस किलोमीटर, अभयारण्य घोषित 1990. आम्ही चाळीसजण होतो. मागच्यांना ना वाटाड्या ऐकू आला, ना वारूळ दिसले. आकडे बसमध्येच सांगायचे होते की, दीड-दोन तास हाताशी होते.

अंधारात न्या असे माझे म्हणणे नाही, मोह अस्वलालाही आवडतो. पण लोकांना आदल्या रात्री मुक्कामाला नेऊन साडेसहा-सातला निघता येईल. एका वाटाड्यामागे बारा-पंधराच माणसे असावीत, माइक नसावा. वनखात्याने परवानगी देतानाच ही अट घालावी.

पुढच्या चैत्रात नातीला पुन्हा नेणार आहे. तोवर तिला दात आलेले असतील, ही तिची तक्रार आहे.

आपली,
एक वाचक आजी,
दांडिया बाजार, बडोदे