जोडीदाराला कसे सांगायचे, हे शिकवणाऱ्या समुपदेशक ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मला एचआयव्हीची लागण आहे, हे माझ्या जोडीदाराला मी शरीरसंबंधांपूर्वी स्वतःहून आणि न डगमगता सांगू शकलो, याचे श्रेय आपले आहे. आपल्यासारख्यांचे काम बंद दाराआड चालते आणि तिथेच राहते, म्हणून हे आभार मी जाहीरपणे मानत आहे.

'सांगून टाक' असे अनेकांनी सुचवले होते. कसे सांगायचे, हे मात्र फक्त आपण शिकवलेत. आपण स्वतः तिच्या जागी बसून माझ्याकडून ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलेत आणि माझ्या तोंडून 'माफ कर' निघाले की प्रत्येक वेळी मला थांबवलेत. समोरच्या व्यक्तीला उठून जावेसे वाटले तर जाता येईल अशी वेळ आणि जागा निवडावी, आणि सांगून झाल्यावर तिला बोलू द्यावे, हेही आपण बजावलेत. मारहाणीची किंवा बदनामीची भीती असेल तर एकट्याने न सांगता समुपदेशकासमोर सांगावे, ही आपली सूचना मला सर्वांत मोलाची वाटते, कारण सांगण्याचा आग्रह धरणारे बहुतेक जण सांगणाऱ्याच्या सुरक्षिततेचा विचारच करत नाहीत.

तिने पहिला प्रश्न विचारला तो व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाचा. मी अहवाल पुढे ठेवला आणि आपण समजावले होते तसेच सांगितले, की एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या उपचाराच्या, गोळ्या नियमित घेऊन हे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके खाली आले आणि तिथेच टिकले, तर शरीरसंबंधांतून एचआयव्ही पसरत नाही. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या 'पार्टनर' अभ्यासात भिन्नलिंगी आणि समलिंगी अशा ८८८ जोडप्यांच्या कंडोमविना सुमारे ५८,००० संबंधांची नोंद होती, आणि व्हायरल लोड (रक्ताच्या दर मिलिलिटरमागे विषाणूच्या प्रती) २०० पेक्षा कमी असलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण झालेली नव्हती. 'मग कंडोम कशाला?' असे तिने विचारले, तेव्हा सिफिलिस आणि गनोरिया यांसारख्या इतर लैंगिक आजारांपासून एआरटी संरक्षण देत नाही, हे आपले उत्तर माझ्याजवळ तयार होते.

मूल होऊ देण्याविषयीच्या तिच्या प्रश्नांना मात्र मला नीट उत्तरे देता आली नाहीत. ते प्रश्न तिने लिहून ठेवले आहेत, आणि पुढच्या तपासणीच्या वेळी आम्ही दोघेही आपल्याला भेटायला येत आहोत.

आपला ऋणी,
आपल्याकडे समुपदेशनासाठी येणारा एक जण