निविदेतली ती एक ओळ

लातूर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या नगरपरिषदेच्या कचऱ्याच्या निविदेचा मसुदा वाचला. शेड, गाठी बांधायचं मशीन, घंटागाड्या, सगळं आहे. पण ‘सुका कचरा ठेकेदाराच्या मालकीचा’ ही ओळ आधी खोड. तिच्यामुळे कचरा डेपोवर वर्षानुवर्षं वेचणाऱ्या बाया एका रात्रीत चोर ठरतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच कचरावेचकांना ओळख देऊन कामात घेणं पालिकांवर टाकलं होतं. त्या जागी लिही: विकाऊ माल वेचणाऱ्यांचा; जो विकला जात नाही, तो निवडायची मजुरी नगरपरिषद किलोवर देईल. हा दुसरा भाग हमखास विसरतात. वेफरची चकचकीत पाकिटं भंगारवाला घेत नाही, ती फार तर सिमेंटच्या भट्टीत जातात. मजुरीच नसेल तर ती कोण निवडेल?

वेचणाऱ्यांची नोंदणी दिवाळीनंतर नको, तेव्हा कैक घरांना ऊसतोडीची कुलपं असतात. भाद्रपदातच उरका, तीही डेपोवर, सकाळी सहाला. कागद नाही म्हणून कुणाला परत लावू नका. सोबतच्या दोघींची साक्ष घ्या.

आता बाटल्या. एक लिटरच्या ४०-५० रिकाम्या बाटल्या मिळून किलो होतो, म्हणजे ट्रकमधून बहुतेक हवाच जाते. टोपण घट्ट राहिलं तर हवा आत कोंडते, गाठ नीट दबत नाही, सुटते. म्हणून टोपण काढून बाटली पायाखाली चेपायची. टोपणाचं प्लास्टिक निराळं, ते पाण्यावर तरंगतं, बाटली बुडते. पीव्हीसीचं लेबल मात्र बाटलीसोबतच बुडतं. ते तसंच राहिलं तर वितळवताना जळून सगळा माल पिवळा-काळा करतं आणि पुढचा कारखाना गाडी परत पाठवतो. ते हातानंच सोलावं लागतं. माल धुवायच्या फंदात पडू नका. मे महिन्यात प्यायला टँकर लागतो, बाटल्यांना पाणी कुठून आणणार? घराघरातूनच ओलं-सुकं वेगळं घ्या.

पुठ्ठा जमिनीवर टाकू नका, विटांवर फळ्या मांडा. ओल लागली की व्यापारी मोंढ्यात सोयाबीनला लावतात तसा कडता, म्हणजे वजनात कपात, लावतो, आणि तो कापला जातो बाईच्या वजनातून. काट्याचे आकडे तिच्याकडे तोंड करून हवेत, रोज सकाळी पाच किलोचं माप ठेवून तपासलेले. चिठ्ठी तिच्या हातात, वहीत नुसती नोंद नको.

मशीनला घाई करू नका. आधी कंबरेएवढी टेबलं आणि जाड हातमोजे घ्या. दवाखान्यांच्या सुया अजून घरच्या कचऱ्यातून येतात.

सभेआधी दुरुस्त मसुदा पाठव.

तुझा,
विलास