नाच नसलेली भूमिका

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

"ह्या पिक्चरमध्ये मला एकही स्टेप नाही, मग मला घेतलं कशाला?" असं तू फोनवर विचारलंस. मला वाटतं, ही भूमिका तू घ्यावीस. तू भरतनाट्यमची नर्तकी, म्हणून आजवर तुला बोलावलं ते गाण्यापुरतं. आधी मागच्या रांगेत, मग पुढच्या, मग गाण्याआधी दोन वाक्यं. तुझे पाय न बघता तुला बोलावण्याची ही पहिलीच वेळ.

जयश्री गडकरांचंच बघ. सुरुवातीला त्या समूहनृत्यात नाचायच्या. 1959 साली 'सांगत्ये ऐका'मधल्या 'बुगडी माझी सांडली गं'ने त्यांना घराघरांत नेलं. लोक त्यांना तेवढ्यावरच ठेवायला तयार होते. पण 1965 च्या 'साधी माणसं'मध्ये त्या लोहाराची बायको झाल्या. समोर भाता आणि ऐरण, घुंगरू नाहीत, आणि तरी नजर त्यांच्यावरून हलत नाही. वहिदा रहमान भरतनाट्यम शिकलेल्या. 1955 साली 'रोजुलू मारायी' ह्या तेलुगू चित्रपटात त्या एका गाण्यापुरत्या आल्या, दोन वर्षांनी 'प्यासा'मध्ये अभिनयाची मोठी भूमिका मिळाली. 1965 च्या 'गाईड'मध्ये त्या पुन्हा नर्तकी झाल्या, पण तोवर लोक त्यांचा अभिनय बघायला येत होते.

दिग्दर्शक सारखं "कमी कर" म्हणतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्याला तुझी भुवई दिसायला हवी, म्हणून तुझ्या गुरूंनी तुझ्याकडून डोळे मोठे करून घेतले. क्लोजअपमध्ये चेहरा पडदाभर दिसतो, तिथे तेच डोळे अंगावर येतात. तुला हे जमेल, कारण पायांची कसोटी बघणाऱ्या लांबलचक वर्णमपेक्षा तुझं पदम, म्हणजे संथ, अभिनयाची रचना, मला नेहमीच सरस वाटलं. त्यात तू खाली बसून सखीशी बोलायचीस, पाय जागचे हलायचे नाहीत, आणि माझ्या शेजारच्या बाया डोळे पुसायच्या. तेच घेऊन जा, फक्त आणखी बारीक करून.

अवघड जाईल ते तुकड्यांचं. मार्गम, म्हणजे तुमच्या नाचाचा अख्खा कार्यक्रम, कसा पहिल्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंत ठरल्या क्रमाने सलग जातो. शूटिंगमध्ये रडायचं आज असतं आणि रडण्याचं कारण पुढच्या आठवड्यात. तेव्हा वहीत सगळे प्रसंग गोष्टीच्या क्रमाने लिहून काढ आणि प्रत्येक शॉटच्या आधी एकदा बघ. बाकी, ठरल्या जागी खाली न बघता थांबणं आणि दर टेकला त्याच शब्दावर तोच हात उचलणं ह्यात नटांचीही दमछाक होते. तुझ्या ते अंगात मुरलंय.

सकाळचे अडवू, म्हणजे पायांचे मूळ धडे, मात्र सोडू नकोस. लाद्यांवर अर्धमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं, बसू नकोस, गुडघे जातात. खाली लाकडी फळ्या टाकून घे. वैजयंतीमाला चित्रपटांतून बाजूला झाल्यावरही नाचत राहिल्या, ते रियाज मोडला नाही म्हणूनच.

कराराचा कागद आधी बाबांना पाठव. पैसे किती हप्त्यांत आणि डबिंगचे वेगळे की त्यातच, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नकोस. शुक्रवारी मामा सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघतोय, त्याच्याबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवते. होकार कळवलास की लगेच फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
आई