सई, तेरा मात्रा की चौदा?

चि. सई,

रात्री दीड वाजता तुझी व्हॉइस नोट आली तेव्हा मी जागीच होते. फोन मुद्दाम नाही केला, कारण तू अशी रडकुंडीला आलीस की फोनवर नुसतं हं हं करतेस आणि 'ठेवते आई' म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे टाइप करतेय, लोकलमध्ये बसून, आज खिडकी मिळालीय. तुमच्या बँडच्या ड्रमरचा कॅनडाचा व्हिसा आला, तो पुढच्या महिन्यात चालला, म्हणून अल्बम कॅन्सल. एवढं एकच वाक्य बोललीस आणि मग दोन मिनिटं नुसती बंगलोरची कुत्री.

आता म्हणशील आईला यातलं काय कळतंय. अगं पण दिवाळीत तूच माझ्या फोनमध्ये ती प्रोग्रेसिव्ह रॉक आणि मेटल बँडांची 'पहिले अल्बम' नावाची लिस्ट टाकून गेलीस ना, वर 'ऐकलंस तर कळेल मी काय करते ते' असं टोचून, तर मी ऐकली. अख्खी. दादर ते डोंबिवली, रोज. सुरुवातीला डोकं उठायचं, खोटं कशाला बोलू, कोणीतरी पत्र्यावर भांडी आपटतंय आणि वरून एक जण खेकसतोय असं वाटायचं. मग मी मोजायला लागले. कथक सोडून तीस वर्षं झाली तरी बोटांची सवय जात नाही, पेरांवर मात्रा धरायची. शेजारी मेथी निवडत बसणाऱ्या काकू दोन दिवस बघत होत्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ताई कुठला जप करता? मी म्हटलं स्वामींचा. काय सांगणार त्यांना, ॲनिमल्स ॲज लीडर्सचा?

त्यांचंच आधी सांगते, कारण तुझं दुखणं नेमकं तेच आहे. तो त्या बँडचा गिटारवाला, टोसिन अबासी. आधीचा बँड बंद पडलेला, रेकॉर्ड कंपनी म्हणतेय तू एकट्याचा अल्बम कर, आणि हा आधी नाहीच म्हणाला, एकट्याने अल्बम काढणं म्हणजे मिरवणं झालं असं त्याला वाटलं. अटलांटाला जाऊन नीट गिटार शिकला आणि मग स्वतःहून हो म्हणाला. २००९ चा अल्बम. आठ तारांची गिटार, गाणारं कोणी नाही, गिटार आणि बेस सगळं याचंच. दोन आठवडे मी त्यातल्या ड्रमरचं मनातल्या मनात कौतुक करत होते, काय हात आहे, काय स्वच्छ बोल पडतायत, आणि मग वाचलं तर ड्रमर नाहीच! ते सगळे ड्रम अल्बमच्या निर्मात्याने, मिशा मन्सूरने, कॉम्प्युटरवर बसवलेत. खरा ड्रमर नंतर आला, स्टेजवर वाजवायची वेळ आल्यावर. आता ऐकलं की जाणवतं हं, मशीन दम घेत नाही, माणूस कुठेतरी किंचित मागे-पुढे होतो ते त्यात नाही. पण आमच्या क्लासला तबलजी आले नाहीत म्हणून बाईंनी कधी सुट्टी दिली नाही. तालमाला, ते तबल्याचं यंत्र, लावायच्या आणि म्हणायच्या, करा सुरू.

आणि दिल्लीचा तो केशव धर? स्कायहार्बर बँडवाला? त्याच्याकडे तर बँड म्हणावा असा बँडही नव्हता. घरच्या घरी रेकॉर्ड करत बसलेला मुलगा, गाणारा डॅनियल टॉम्पकिन्स इंग्लंडमध्ये, ड्रमवाला अनुप शास्त्री अमेरिकेत, आणि अल्बमच्या दुसऱ्या भागात ओरडायला आपल्या मुंबईचा सुनीथ रेवणकर, जो तेव्हा ज्या बँडमध्ये होता त्याचं नाव 'भयानक मौत' आहे हे मी बाबांना सांगितलं तर त्यांनी चहा खाली ठेवला. २०१२ मध्ये 'ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज' आला तो असा फायली इकडून तिकडे पाठवून, आणि त्यात मेगाडेथ या मेटल बँडमधून बाहेर पडलेला गिटारवाला मार्टी फ्रीडमन सोलो वाजवून गेलाय. म्हणजे दिल्ली, इंग्लंड, अमेरिका, मुंबई चालतं आणि तुझं बंगलोर-कॅनडा चालत नाही? तो मुलगा ड्रम सोडत नाहीये सई, देश सोडतोय. त्याला विचारलंस का तू, तिकडून रेकॉर्ड करून पाठवशील का म्हणून? का आधीच रुसून बसलीस? मला वाटतं रुसलीस.

सगळ्यात जास्त मी सिनिक या बँडमध्ये अडकले. मला आवडेल असं वाटलं नव्हतं. फ्लोरिडाची पोरं, पहिला अल्बम 'फोकस' रेकॉर्ड करायच्या बेतात आणि ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू वादळ आलं, त्यांची प्रॅक्टिसची जागाच गेली, रेकॉर्डिंग लांबणीवर. मला आपला २६ जुलै आठवला, तळमजल्यावरच्या देशपांड्यांची पेटी पाण्यात फुगलेली, त्या बाई ती उन्हात ठेवून भात्यावरून हात फिरवत बसलेल्या. तर ही पोरं थांबली, आणि १९९३ ला अल्बम आला. आठ गाणी, छत्तीस मिनिटं फक्त. एकीकडे ते खेकसणं, त्याच्या शेजारी व्होकोडरमधून येणारा यंत्रासारखा आवाज, आणि मधेच सगळं थांबून असं काहीतरी शांत, जॅझसारखं सुरू होतं की मी घाटकोपरला डोळे मिटले ते ठाण्याला उघडले. पुढच्या वर्षी बँड फुटला. दुसरा अल्बम यायला २००८ उजाडलं. म्हणजे पंधरा वर्षं लोकांकडे तीच छत्तीस मिनिटं होती, आणि तुझ्यासारखी पोरं अजून ती घोटतायत.

छत्तीस मिनिटं म्हटलं, कारण तुमचा अल्बम सत्तरच्या पुढे चाललाय असं तू मागे बोलली होतीस. हेकन बँडकडे बोट दाखवू नकोस. त्यांचा 'ॲक्वेरियस' असेल सत्तरीचा, जलपरीची गोष्ट आहे, शेवटचं गाणं सोळा मिनिटांच्या वर आहे, सगळं मान्य, मला तर तो फार आवडला, त्यांचा ड्रमर ट्यूबासुद्धा वाजवतो हे कळल्यावर अजूनच. पण तिथे पहिल्या गाण्यातली धून शेवटी कुठून तरी परत भेटते, माहेरचं माणूस भेटावं तशी. तुमच्या चौदा मिनिटांच्या गाण्यात शेवटची चार मिनिटं कोण कोणाला भेटतंय? मला तरी कोणी भेटलं नाही. राग येऊ दे.

आणि लांबवण्याचा मोह मोठमोठ्यांना होतो. तो कव्हरवर लाल किंचाळणारा चेहरा असलेला अल्बम आहे ना, किंग क्रिमसनचा १९६९ चा, जिथून हा सगळा पसारा सुरू झाला असं तू म्हणतेस. जानेवारीत तालमी सुरू केल्या आणि ऑक्टोबरमध्ये अल्बम बाजारात, निर्मात्याशी जमलं नाही तर स्वतःच निर्माते झाले. तो चेहरा काढणारा बॅरी गॉडबर कॉम्प्युटरचं काम करणारा मुलगा, अल्बम आल्यावर चारच महिन्यांत गेला, चोवीस वर्षांचा. ते वाचल्यापासून ते चित्र मला बघवत नाही, फोन पालथा ठेवते. पहिलं गाणं अंगावर येतं, दुसरं तर मी घरी स्वयंपाक करतानाही लावते. पण 'मूनचाइल्ड'? बारा मिनिटं! पहिली अडीच मिनिटं गोड गाणं आणि मग नुसतं टिंग, टुंग, कोणी काहीतरी शोधतंय अंधारात. मला तिथे अशी झोप लागली की डोंबिवली गेलं आणि ठाकुर्लीला जाग आली.

बरं, त्यांचंही काय झालं, वर्ष संपायच्या आत दोघे जण बँड सोडतो म्हणाले. ड्रीम थिएटरचा पहिला अल्बम आला आणि मग गायक गेला, नवा मिळेपर्यंत दोन वर्षं गेली. तुझी लिस्ट नीट बघ ना, एकही बँड असा नाही की सगळे शेवटपर्यंत तेच. तूच केलेली लिस्ट आहे गं.

एक मात्र मला कळलं ते तुला सांगायचंय. तुम्ही लोक ज्याला पॉलिमीटर का काय म्हणता ना, गिटार सातात चाललीय, ड्रम चारात, आणि अठ्ठावीस मात्रांनी दोघं एकदम एका जागी येतात, ते मला कोणी शिकवावं लागलं नाही. आमच्याकडे तिहाई घेताना हेच, तोच तुकडा तीनदा, भलत्याच जागी पडल्यासारखा वाटतो आणि शेवटचा धा बरोब्बर समेवर. पहिल्यांदा ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मुलुंडला मी डब्यात मोठ्याने 'वा' म्हटलं. काकूंनी मेथी बाजूला ठेवून हात जोडले.

तर ड्रमरला फोन कर. त्याचं रेकॉर्डिंग जायच्या आधी होत असेल तर चार दिवस रजा काढ, नसेल तर तिकडून घे, तेही नसेल तर कॉम्प्युटर. कॅन्सल हा शब्द माझ्याकडे पुन्हा पाठवू नकोस. शेवयांचं पार्सल निघालंय, त्यालाही दे थोड्या, तिकडे मिळतील न मिळतील.

तुझी,
आई

ता. क. तुमच्या डेमोमध्ये ४ मिनिटं १० सेकंदांनंतर मी दरवेळी एक मात्रा चुकते. काल तीनदा मागे घेऊन ऐकलं. तेरा आहेत का चौदा? आणि चौदा असतील तर तू बेसवर एक खातेयस.