कठडा निघाला, शेजारची खुर्ची रिकामीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठांत वंशभेद उरलेला नाही असे सांगताना प्रवेशाचे आकडे पुढे केले जातात. सत्तावीस वर्षे शिकवल्यानंतर मला ते आकडे पुरेसे वाटत नाहीत. आत आलेला विद्यार्थी कुणाशेजारी बसतो, हे त्यांतून कळत नाही.

जॉर्ज मॅक्लॉरिन यांची हकिगत मी दरवर्षी वर्गात सांगत असे. हे कृष्णवर्णीय शिक्षक पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरेटसाठी ओक्लाहोमा विद्यापीठात गेले. १९४८ साली कोर्टात दाद मागितल्यावर त्यांना प्रवेश मिळाला, पण बसायला वर्गालगतची वेगळी खोली. ग्रंथालयात पोटमजल्यावरचे टेबल. वाचनकक्षात बसायची बंदी. जेवायला वेगळे टेबल आणि वेळही वेगळी. पुढे वर्गात घेतले तेव्हा काही काळ त्यांच्या जागेभोवती कठडा होता, आणि त्यावर ‘कृष्णवर्णीयांसाठी राखीव’ अशी पाटी. शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागलेल्या भीमरावांची गोष्ट ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

५ जून १९५० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही बंधने बेकायदा ठरवली. सहाध्यायांशी चर्चा करणे, मतांची देवाणघेवाण करणे हा शिक्षणाचाच भाग आहे, असे न्यायालयाने मानले. त्याच निकालात एक कबुलीही आहे: बंधने उठली म्हणून लोकांच्या मनातली अढी जाईलच असे नाही. मला हा निकाल सर्वांत जवळचा वाटतो तो इथे.

कारण ती अढी मी अनुभवली आहे. संशोधनासाठी परदेशी विद्यापीठात होते तेव्हा चर्चासत्रात माझ्या शेजारची खुर्ची सर्वांत शेवटी भरायची, नाहीतर रिकामीच राहायची. कुणी वावगा शब्द बोलले नाही. तक्रार करणार तरी कशाची? तिसऱ्या आठवड्यात एक वर्गमैत्रीण वही घेऊन शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “कालचे टिपण दाखवतेस?” त्या दिवशी मी वर्गात पहिला प्रश्न विचारला.

आणि तरीही, पुढे स्वतः शिकवू लागल्यावर एका आफ्रिकी विद्यार्थ्याचे नाव जड जाते म्हणून मी त्याला महिनाभर नुसत्या हजेरी क्रमांकाने पुकारले. एकदा तो तासानंतर थांबला. आपले नाव त्याने हळूहळू तीनदा म्हणून दाखवले. ते शिकायला मला दोन मिनिटेही लागली नाहीत. त्या महिन्याची मला आजही लाज वाटते. प्रकल्पासाठी “गट तुम्हीच पाडा” म्हणणेही मी त्याच वर्षी सोडले, कारण प्रत्येक वेळी तोच मुलगा उरायचा.

वर्गाबाहेर हा त्रास संपत नाही. फोनवर हो म्हणणारा घरमालक चेहरा पाहिल्यावर ‘खोली गेली’ म्हणतो. राहायला धड खोली नाही म्हणून अपुऱ्या झोपेने वर्गात येणारा विद्यार्थी मग ‘अभ्यासात मागे’ ठरतो. वांशिक भेदभाव संपवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९६५ साली केलेल्या करारात शिक्षणाबरोबर घर, वाहतूक, उपाहारगृहे, नाट्यगृहे, उद्याने या साऱ्यांचा एकाच कलमात उल्लेख आहे, तो उगाच नव्हे. भारताने हा करार १९६८ मध्येच स्वीकारला.

विद्यापीठांनी तक्रार समित्या नेमाव्यातच, आणि त्यांत परदेशी व अल्पसंख्य वंशांचे विद्यार्थीही घ्यावेत. पण शिक्षकांना माझी विनंती याहून लहान आहे. सत्र सुरू होण्याआधी हजेरीपट घरी न्या. जी नावे जिभेवर बसत नाहीत त्यांच्यापुढे खूण करा, आणि पहिल्याच तासाला त्या विद्यार्थ्यांकडून ती शिकून घ्या.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका